जेठानंद शेठच्या ट्रंका आणि चिखलोलीचं भात

दिवाळीच्या सुट्टीत शेवटच्या वर्षाची काही मुलं घेऊन मी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर करून आलो, हे आता गावभर झालं आहे. भेटेल तो विचारतो, ‘काय काय पाहिलंत?’ विचारणाऱ्याची अपेक्षा असते की मी अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल सांगेन. मंदिर पाहिलं. सुरेख आहे. पण त्याच्याबद्दल सांगणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत. मी तिथं माझा विषय वाचवायला गेलो होतो.

माझा विषय म्हणजे कारखान्याचं व्यवस्थापन. आमच्या घाटावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो शेवटच्या वर्षाला असतो. पूल कसा बांधायचा हे मुलं जीव लावून शिकतात. पूल बांधणारी माणसं कशी सांभाळायची हे सांगायला लागलं की मागच्या बाकावर माना पडतात. मी मुलांना दोष देत नाही. हा विषय जिकडेतिकडे नोट्स सांगूनच शिकवतात. व्यवस्थापकाची कर्तव्यं अ, ब, क, ड. कामगारांच्या गैरहजेरीची कारणं अ, ब, क, ड. मुलं पाठ करतात, परीक्षेत ओकतात आणि मोकळी होतात.

आमचे प्रिन्सिपॉलसाहेब पक्के पुलांचे माणूस. सुट्टी लागायच्या आधी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “कॉलेज उघडेल त्या सोमवारी कमिटी बसणार आहे. तुमचे तास काढून स्ट्रक्चर्सला द्यावेत असं बऱ्याच जणांचं मत पडतंय. तुम्हाला काय म्हणायचंय ते सोमवारी समक्ष येऊन सांगा. भाषण मात्र नको. काहीतरी करून दाखवा.”

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं घसा कोरडा करतोय तो काय हवा खायला? म्हटलं, थांबा, दाखवतोच. मुलांना खऱ्याखुऱ्या कारखान्यात नेतो, तिथली एखादी अडचण त्यांच्याकडून सोडवून घेतो, आणि सोमवारी त्यांनाच कमिटीपुढं उभं करतो. भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

अंबरनाथ

उतरायची सोय बदलापूरच्या मराठी शाळेत झाली होती. सुट्टीमुळे वर्ग रिकामे होते. जमिनीवर सतरंज्या टाकल्या, फळ्यावर आमच्या इनामदारने लगेच वेळापत्रक लिहिलं. हा इनामदार वर्गात पहिला येणारा, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून हिंडणारा. आंघोळीला कोण किती वेळ लावतो तेही त्याचं मोजून झालं होतं. त्याचा जोडीदार पाटील, वाळव्याकडचा, उसाच्या घरातला, मोजकं बोलणारा आणि चौघांचं जेवणारा.

पहिला दिवस अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्यात गेला. फाटकापासून सगळं लखलखीत. तिथल्या साहेबांनी स्वतः हिंडून यंत्रं दाखवली, चहा दिला, बिस्किटं दिली. माझी मुलं बिस्किटं खात होती आणि माना डोलवत होती. सगळं उत्तम चाललेलं पाहून माणूस काय शिकणार? शेवटी इनामदारने विचारलं, “साहेब, इथं कधी काही चुकत नाही का?”

साहेब हसले. “चुकलेलं पाहुण्यांना कोण दाखवतं हो? तुम्हाला अडचणीच पाहायच्या असतील तर उल्हासनगरच्या कॅम्पात जा. चार नंबरला जेठानंद म्हणून ट्रंकांचा कारखाना आहे. आमच्याकडचा उरलेला पत्रा तो नेतो. त्याच्याकडे अडचणींना तोटा नाही.”

कॅम्प नंबर चार

फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं सरकारने इथल्या रिकाम्या लष्करी बराकींत उतरवली, त्याला आता काही वर्षं झाली. लांबच लांब बराकी, मध्ये गोणपाटाचे नाहीतर पत्र्याचे आडोसे, प्रत्येक आडोशात एक संसार. पण रडगाणं कुठं ऐकू येत नाही. जो तो काहीतरी बनवतोय नाहीतर विकतोय. पापड वाळताहेत, बटणं ठोकली जाताहेत, शिवणयंत्रं खडखडताहेत. आमच्याकडे एवढ्या गल्लीत दोन दुकानं असतील आणि दुपारी तीही बंद.

जेठानंद शेठचा कारखाना म्हणजे अशीच एक अर्धी बराक. अर्ध्यात कारखाना, अर्ध्यात घर. आम्ही आत पाऊल टाकलं तोच शेठच्या बायकोने एकेकाच्या हातात भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला ठेवला. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतात, यांच्यात पापड. पाटीलने आपला संपवून माझ्या हातातल्याकडे पाहिलं, तेव्हा मी तो मुकाट्याने त्याला दिला.

खरी गंमत शेठच्या मराठीची. ते मराठी शिकले आपल्या कामगारांकडून, आणि कामगार बरेचसे चिखलोलीचे आगरी. त्यामुळे पांढऱ्या पायजम्यातले हे गोरेपान सिंधी गृहस्थ मला म्हणाले, “साईं, तू बस. उबा कशाला ऱ्हातंस?” मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी ‘तू’ म्हटलं नव्हतं. मुलं खाली बघून हसत होती. काय करणार, बसलो.

शेठची अडचण अशी. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि मुलीच्या सासरी पाठवायला नवी ट्रंक लागते. कल्याणच्या व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर दिली होती, तुळशीच्या लग्नापर्यंत माल पोचवायचा होता. यंत्रं थोडी, म्हणून काम दोन पाळ्यांत चालायचं, सकाळची आणि दुपारची. दोन्ही पाळ्यांत कॅम्पातले काही सिंधी आणि चिखलोलीचे काही आगरी, अशी भेसळ होती. चिखलोलीचे लोक येताना एकटेदुकटे येत, कुणी कधी, कुणी कधी. सगळे जमेपर्यंत यंत्रं रिकामी. दुपारच्या पाळीचे लोक अंधार पडायच्या आत घर गाठायला म्हणून लवकर हात धुवायला लागत.

“मी बोंबलून थकला साईं,” शेठ म्हणाले. “ऑर्डर गेली तर व्यापारी पुन्हा दारात उभा करनार नाय. सिंधमधी माझी मोठी पेढी होती. इथं हे एकच हाय.”

इनामदारचे डोळे चमकले. दोन दिवस तो आणि पाटील बराकीच्या दाराशी बसून कोण कधी येतो, कधी जातो हे पाहत होते. लोकांशी बोलत होते. चिखलोलीच्या मंडळींचा पुढारी हाशा नावाचा तिशीतला गडी. पत्रा असा वाकवायचा की कोपरा जणू साच्यातून निघाला. त्यानेच इनामदारला सांगितलं, “आमाला समद्यांना एका पालीत घाला ना. संगती येऊ, संगती जाऊ. रुलाच्या कडेनं एकटं चालाचा कंटाला येतंय.” कॅम्पातल्या सिंध्यांनाही दुपारचीच पाळी हवी होती, सकाळी त्यांना आपापला फेरीचा धंदा करता आला असता.

इतकं सोपं! इनामदारने योजना मांडली. चिखलोलीचे सगळे सकाळी, कॅम्पातले सगळे दुपारी. मी ती तपासली, मला एकही खोट सापडली नाही. शेठने माझ्याकडे पाहिलं. “साईं, तू बोलतंस तर करतो. तू प्रोफेसर हाय.” मी छातीवर हात ठेवून म्हटलं, “करा. जबाबदारी माझी.”

पहिला दिवस तर पाहत राहावा असा गेला. चिखलोलीची मंडळी एकत्र आली, वेळेवर आली, गप्पा मारत कामाला लागली. दुपारी कॅम्पवाले आले. संध्याकाळी ट्रंकांची रास पाहून शेठ खुशीत आले आणि त्यांच्या बायकोने आम्हाला तुपात भाजलेली कांद्याची जाड कोकी वाढली. पाटील म्हणाला, “सर, ही आपल्या थालीपिठाची मावसबहीण.” परतताना मी मनातल्या मनात कमिटीपुढं उभा होतो. पुलांच्या लोकांची तोंडं कशी होतील याची कल्पना करून मला गाडीत एकट्यालाच हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बराकीत गेलो तर आत चिटपाखरू नाही. यंत्रं थंड. शेठ दारात उभे, चेहरा पांढराफटक.

“साईं,” ते म्हणाले, “तुझी पाली कुठं हाय?”

चिखलोली

आम्ही तसेच उलटे फिरलो. बदलापूरकडे जाताना मध्ये चिखलोली लागते. चार घरं इकडे, चार तिकडे, सगळीकडे पिकून पिवळं झालेलं भात, मागे डोंगराची रांग. आणि शेतात, जेठानंद शेठची अख्खी सकाळची पाळी ओळीने बसून भात कापत होती. हाशा पुढं.

मी बांधावरूनच ओरडलो, “अरे, काय चाललंय हे? तिकडे शेठ डोक्याला हात लावून बसलेत!”

हाशा उठला. विळा हातात तसाच. त्याचा चेहरा पाहून माझा आवाज आपोआप खाली आला. तो माझ्यापेक्षा जास्त गोंधळलेला होता.

“सर, माझी सावड हाय आज,” तो म्हणाला. “काल कुनाचीच नव्हती. आज समद्यांना यावाच लागतंय.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सावड म्हणजे गावाने आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबायचं. आज तुझं भात, उद्या माझं. मजुरी नाही. तू माझ्याकडे एक हात दिलास की मी तुझ्याकडे एक हात द्यायचा. पाटील लगेच म्हणाला, “हा तर आमच्याकडचा पैरा, सर.”

“मग आधी का नाही बोललास?” मी त्याच्यावरच खेकसलो.

“कारखान्यातल्या माणसाचा पैरा असतो हे कुठं डोक्यात आलं?” तो म्हणाला. खरंच होतं ते.

मग शेताच्या बांधावर बसून आम्ही सगळा गुंता सोडवला, आणि तो जसा सुटत गेला तसा मला घाम फुटला. भात सकाळी दवात कापावं लागतं. ऊन चढलं की दाणा गळतो. दुपारी कापलेल्याचे भारे बांधून खळ्यावर न्यायचे असतात. आजवर गाव दोन पाळ्यांत विभागलेलं होतं. दुपारच्या पाळीचे लोक सकाळी भात कापून मग कारखान्यात जात. सकाळच्या पाळीचे लोक सुटले की येऊन भारे वाहत. म्हणून तर ते एकटेदुकटे येत, कुणी कधी, कुणी कधी! सावडीत एक हात कमी पडत नव्हता आणि कारखान्यातही कुणी पुरता गैरहजर नव्हता. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. हाशालाही ते कधी असं दिसलं नव्हतं, त्याला फक्त रुळाच्या कडेने एकटं चालायचा कंटाळा होता. आम्ही पाळी सरळ केली आणि भात कापायला सकाळी एक माणूस उरला नाही. सगळ्यांनी मिळून हौसेनं केलेली चूक होती ती.

इनामदारचं तोंड एवढंसं झालं. “सर, उद्यापासून पाळ्या पुन्हा पहिल्यासारख्या करू.”

“पाल्या होतील,” हाशा म्हणाला. “पन आजचा दिस गेला. शेटची ऑर्डर अडकली. ती भराची तर आमाला दोन-दोन पाल्या कराव्या लागतील. मग भारे कोन वाहील?”

 डोंगरावर ढग दिसत होते आणि कापलेलं भात जमिनीवर पडलेलं होतं.

“आम्ही वाहू,” पाटील म्हणाला.

हाशाची आई, बायजा, इतका वेळ कमरेवर हात ठेवून ऐकत होती. सावडीचा हिशेब गावात तिच्या तोंडी असायचा. तिने मुलांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ही पोरां? याइचं हात बगा, लोन्यासारखं. आनि तुमचा हात आमी कवा फेडाचा?”

“फेडायचा कशाला, मावशी? आम्ही असंच करतो,” इनामदार म्हणाला.

बायजा एकदम तापली. “असंच? आमी काय भिकारी हाव? फुकटचा हात मला नको. सावड म्हंजे सावड.”

 पाटीलने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “मग असं करा. पुढच्या वर्षी आमच्या मागची पोरं येतील. तुमचा हाशा त्यांना पाळ्यांचं सगळं समजावून सांगेल. आम्ही चुकलो ते त्यांनी चुकू नये एवढं बघेल. तेवढे हात आमच्याकडे फिटले.”

बायजाने विचार केला. “बोलतंय बरा,” ती म्हणाली. “येतील ना पन पुढल्या सालाला?”

तिने हे पाटीलला विचारलं होतं. पाटीलने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी हा विषय राहणार की नाही हे सोमवारी ठरणार होतं, आणि मला रविवारची गाडी पकडायची होती.

“येतील,” मी म्हटलं.

मी मुलांना बाजूला घेतलं. स्पष्ट सांगितलं, भारे सोमवारपर्यंत उरकत नाहीत. रविवारी निघालो नाही तर कमिटी आपल्याशिवाय बसेल आणि विषय जाईल. इनामदार म्हणाला, “सर, तुम्ही जा. मोडलं मी आहे, मी राहतो.” सगळेच राहतो म्हणाले. मला संताप आला. “अरे शहाण्यांनो, तुम्ही इथं आणि मी तिथं एकटा उभा राहून काय दाखवू? नोट्स?” मग माझा मलाच राग आला. शेठला ‘जबाबदारी माझी’ असं मी म्हटलं होतं, इनामदारने नव्हे. व्यवस्थापकाची कर्तव्यं अ, ब, क, ड मी वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि ट्रंका अर्ध्यावर टाकून मीच रविवारी गाडीत बसणार? जिवावर आलं होतं, खोटं कशाला बोलू. विषय जाणार म्हणजे माझं कॉलेजात उरतंय काय? तरी बदलापूरला जाऊन प्रिन्सिपॉलसाहेबांना तार केली की सोमवारी येणं जमत नाही, कमिटी पुढं ढकलावी.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते अंगाला विचारावं. पाळ्या पहिल्यासारख्या झाल्या. सकाळी मोकळी असलेली माणसं भात कापत आणि दुपारी कारखान्यात जात. सकाळचे लोक दुपारीही तिथंच थांबून ठोकणं-रंगवणं असं हातचं काम उरकत, आणि त्यांच्या वाटणीचे भारे आम्ही वाहत होतो. भारा डोक्यावर घ्यायची एक रीत असते, ती आम्हाला शेवटपर्यंत आली नाही. इनामदार पहिल्याच भाऱ्यासकट बांधावरून चिखलात बसला. बायका इतक्या हसल्या की काम थांबलं. स्टॉपवॉच त्याने काढून माझ्याकडे दिलं. माझी मान धरली, गळ्याला भाताची कुसळं लागून आग व्हायची. बायजा माझा भारा बघून म्हणायची, “मास्तर, लेकराचा भारा घेतलाव की वो!” मला राग यायचा आणि पुढच्या खेपेला मी मोठा घ्यायचो. तिला तेच हवं असणार.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक मासळी. इनामदारच्या घरी कांदाही वार बघून खातात. पहिल्या दिवशी तो कोरडी भाकरी खाऊन उठला. दुसऱ्या दिवशी त्याने चटणीला बोट लावलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “आईला सांगू नका, सर.” तिसऱ्या दिवशी तो पाटीलच्या पानातली उचलत होता.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी खळ्यावर भारा टाकला आणि तिथंच बसलो. आता तिकडे कमिटी बसली असेल. बायजाने पाण्याचा तांब्या पुढं केला. “काय झाला, मास्तर?” ती म्हणाली. “काही नाही,” म्हटलं. पाणी प्यालो, पुन्हा शेतात गेलो.

शेठची ऑर्डर तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बैलगाड्यांवर चढली. हिरव्या, निळ्या ट्रंका, वर रंगवलेली फुलं. शेठने हाशाला मिठी मारली, मग मला. “साईं, तू पुढल्या साली पन ये,” ते म्हणाले, “पन पाली बदलू नको.”

कॉलेज

परतल्यावर प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलो. मान अजून वळत नव्हती, त्यामुळे दारात मी सबंध अंगाने वळून आत शिरलो. त्यांनी बसायला सांगितलं. तार पोचली होती, कमिटी थांबली नव्हती.

“निर्णय झाला,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षापासून तुमचा विषय बंद. तास स्ट्रक्चर्सला गेले. मी थोडं थांबू या म्हणालो होतो, पण लोक म्हणाले, विषय शिकवणारा माणूसच गैरहजर, मग थांबायचं कुणासाठी?”

 माझ्या डोळ्यांपुढं बायजा होती, पुढल्या सालाला येतील ना म्हणून विचारणारी. 

साहेब तसे मनाने वाईट नाहीत. ते म्हणाले, “मला आपलं एक समजत नाही. इतकं महत्त्वाचं असताना तुम्ही आला का नाहीत? गैरहजेरीचं कारण काय सांगू मी कमिटीला?”

“भात कापायला आलं होतं,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. “तुमची शेती आहे? मला ठाऊकच नव्हतं. कुठं आहे?”

“चिखलोलीला.”